केसपेपर लिहिणाऱ्याचे शिक्षण

बारावी झाली, बी.ए. किंवा बी.कॉम. झाले, पुढे शिकवायला घरात पैसा नाही आणि पुण्याला पाठवायची तयारी नाही, अशा मुलामुलींना सोलापुरात एक वाट कायम उघडी दिसते: दवाखान्यातले ऑफिसचे काम. त्या वाटेच्या तोंडाशी अभ्यासक्रमांच्या पाट्या उभ्या आहेत. मेडिकल ऑफिस असिस्टंट, हॉस्पिटल फ्रंट ऑफिस, मेडिकल रेकॉर्ड्स, मेडिकल कोडिंग, हॉस्पिटल मॅनेजमेंट अशी त्यांची नावे. मुदत काही महिन्यांपासून दोन-दोन वर्षांपर्यंत, आणि शुल्क अगदी मोफतपासून घरातले दागिने गहाण पडावेत इथपर्यंत. निवड करताना कुटुंब बहुधा तीन गोष्टी विचारते: सर्टिफिकेट कुणाचे, फी किती आणि नोकरी लागेल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा राहून जातो: या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या हातून खऱ्या रुग्णाची नोंद, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, किती दिवस लिहून घेतात? दवाखान्यातल्या कार्यालयीन कामाचा गाभा नोंद हा आहे आणि नोंद हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून जे प्रशिक्षण नोंदीची जबाबदारी घ्यायला शिकवत नाही, ते कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी काम काय असते ते पाहू. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सोलापूरकरांचे ‘सिव्हिल’, हा शहराच्या आरोग्यव्यवस्थेचा मोठा आधार आहे. त्याच्या बरोबरीने अश्विनी आणि मार्कंडेय यांसारखी सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली रुग्णालये आहेत आणि थोड्याथोडक्या खाटांची असंख्य खासगी नर्सिंग होम्स आहेत. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर इथून, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून माणसे इथे उपचाराला येतात. काउंटरवर मराठी चालते, पण शहराच्या पूर्वभागातल्या आजीबाईंना तेलुगू सोयीची असते, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याला कन्नड, आणि कुणाला दखनी. या काउंटरमागे बसलेली व्यक्ती केसपेपर काढते, नंबर लावते, जुनी फाईल शोधते, तपासण्यांचे अहवाल ज्याचे त्याच्या फायलीत लावते. भरतीचे कागद, संमतीपत्र, बिल, मेडिक्लेमची कागदपत्रे, डिस्चार्ज कार्ड, जन्म-मृत्यूची २१ दिवसांच्या आत द्यायची माहिती हे सारे तिच्याच हातून जाते. मोठ्या रुग्णालयात ही कामे पाच-सहा टेबलांवर वाटलेली असतात, छोट्या नर्सिंग होममध्ये एकाच माणसाच्या अंगावर पडतात. या कामासाठी परवाना लागत नाही. परिचारिकेला परिचर्या परिषदेची आणि फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची नोंदणी सक्तीची असते, तशी नोंदणी काउंटरवर बसणाऱ्याला आजवर लागलेली नाही. त्यामुळे या क्षेत्रात कुणीही अभ्यासक्रम काढू शकतो, आणि त्याची पारख करायचे ओझे घेणाऱ्यावर येऊन पडते.

‘नाव-गाव लिहायचे, त्यात शिकायचे काय?’ असे वाटत असेल, तर त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. त्याआधीची आपल्याकडची नोंदणी शहरांत होती. मुंबईत ती १९६३ पासून चालू होती. शहरात रुग्णालये पुष्कळ असतात, मृत्यूचे कारण डॉक्टर लिहून देतात आणि कागद गोळा केले की बरेचसे चित्र हाती येते. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत तसे नव्हते. कितीतरी माणसे डॉक्टरकडे न जाताच दगावत आणि त्यांची कुठेच नोंद होत नसे. म्हणून नोंदणीचे प्रशिक्षित कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे असलेल्यांना तपासणीला आणले आणि दुसरीकडे शहरांतल्या रुग्णालयांच्या नोंदींमधून आपल्या गावांची नावे शोधून काढली. हे काम प्रामुख्याने नोंदीचे होते. तरीही त्याचा परिणाम उपचारावर झाला: जाणीव वाढली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. याच पायावर १९९९ पासून धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्यातून दिसले. चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू होते आणि न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हा निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि जगभर वाचला गेला. असल्या निष्कर्षात प्रत्येक आकडा म्हणजे एक बाई असते, जिचे नाव, वय आणि गाव आठ-आठ वर्षे न चुकता जुळवत ठेवलेले असते. ‘लक्ष्मीबाई’ नावाच्या चार स्त्रिया एकाच गावात असतात. त्यांतली कोणती कोण, हे ठरवता आले नाही तर पुढच्या सगळ्या विज्ञानाला अर्थ उरत नाही.

दुसरा पुरावा कायद्याचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून वाद झाला की पहिली मागणी फायलीची होते. पण नोंदीचे गांभीर्य सर्वांत लख्ख दिसते ते सोनोग्राफी केंद्रात. गर्भलिंगनिदानावर १९८८ मध्ये स्वतःचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. त्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी केली की ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो आणि दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याकडे जावा लागतो. या नोंदीतली उणीव किंवा चूक हाच, उलट सिद्ध होईपर्यंत, कायद्याचा भंग मानला जातो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘कारकुनी चुकांना गुन्हा मानू नका’ अशी विनंती सर्वोच्च न्यायालयाला केली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो तिथे कागद हाच साक्षीदार असतो, असा या कायद्यामागचा विचार आहे. फॉर्मवर सही डॉक्टरची असते, पण रकाने भरणारा हात पुष्कळदा सहायकाचा असतो. तपासणीचे कारण लिहायचा रकाना रिकामा राहिला तर केवढे प्रकरण होऊ शकते, हे ज्याला कुणी शिकवलेलेच नाही, त्याला त्या खुर्चीत बसवणे हा डॉक्टरवर अन्याय आहे आणि त्याच्यावरही.

तिसरा पुरावा थेट रुग्णाच्या खिशाशी निगडित आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि २०२३ च्या निर्णयाने संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. कागदावर ही योजना साधी दिसते. प्रत्यक्षात शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासणे, आजार योजनेतल्या कोणत्या उपचारात बसतो ते पाहणे, अहवाल आणि फोटो जोडून पूर्वमंजुरी मागणे, शंका आल्या तर उत्तर देणे, शस्त्रक्रियेनंतर दाव्याची फाईल पूर्ण करणे अशी ती साखळी आहे. योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात असतो, पण रुग्णालयाच्या बाजूचे कागद रुग्णालयाच्याच माणसाला तयार करावे लागतात. शिधापत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एकीकडे मराठीत लिहिलेले तेलुगू आडनाव आणि दुसरीकडे त्याच आडनावाचे वेगळेच इंग्रजी स्पेलिंग, अशी प्रकरणे या शहरात येणारच. यंत्रमागावर किंवा विडीच्या सुपावर पोट असलेल्या घरासाठी मंजुरी आज मिळते की चार दिवसांनी, याचा अर्थ फार मोठा असतो. आणि तो बऱ्याच वेळा काउंटरवरच्या माणसाच्या जाणतेपणावर ठरतो.

हे तिन्ही पुरावे एकत्र ठेवले की अभ्यासक्रम निवडायची कसोटी आपोआप पुढे येते. बार्शीची ओळख पटवण्याची चिकाटी, ‘एफ’ फॉर्ममधली काटेकोरता आणि योजनेच्या फायलीतली समज ही तिन्ही कौशल्ये वर्गातल्या फळ्यावर पुरी येत नाहीत. नमुन्याचा फॉर्म भरताना प्रत्येक रकान्याला उत्तर तयार असते. खरा रुग्ण वय ‘असंल पन्नास-साठ’ सांगतो, पत्त्यात फक्त ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हणतो आणि जुना केसपेपर हरवून येतो. म्हणून संस्थेला थेट विचारावे: प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, कोणत्या टेबलावर, किती तास? रुग्णालयाशी लेखी करार आहे का? तिथे विद्यार्थ्याच्या कामावर नजर कोण ठेवतो आणि शेवटी त्याला तोलतो कोण, शिकवणारा की बाहेरचा परीक्षक? ‘भेट’ आणि ‘प्रशिक्षण’ यांत फरक आहे. बसने नेऊन दोन तास वॉर्ड दाखवणे ही भेट झाली. ओपीडी नोंदणी, भरती, बिलिंग, विमा आणि रेकॉर्ड रूम या प्रत्येक टेबलावर काही आठवडे बसवणे हे प्रशिक्षण. आधीच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना गाठून हेच प्रश्न विचारले, तर माहितीपत्रकाच्या दहा पानांपेक्षा जास्त कळते.

आता सर्टिफिकेटाकडे वळू, कारण जाहिराती त्याच्याच जोरावर चालतात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य माहिती व्यवस्थापन हा वर्ग आहे. त्यात वैद्यकीय अभिलेख विश्लेषक, क्लिनिकल कोडर, मेडिकल सेक्रेटरी आणि ट्रान्स्क्रिप्शनिस्ट अशी कामे गणली आहेत. पण याच कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या पाटीवर ‘सरकारमान्य पॅरामेडिकल’ लिहिलेले दिसले, तर तिथेच सावध व्हावे. लहान मुदतीचे शिक्षण वाईट नसते, फक्त त्याची मान्यता वेगळ्या घरातून येते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने हॉस्पिटल फ्रंट डेस्क कोऑर्डिनेटर, मेडिकल रेकॉर्ड्स अँड हेल्थ इन्फर्मेशन टेक्निशियन अशा कामांसाठी पात्रता तयार केल्या आहेत. राज्यात महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ संस्थांना अभ्यासक्रमांची मान्यता देते. आयटीआयमधला एक वर्षाचा ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक हा ट्रेड, दवाखान्यासाठी घडवलेला नाही, तरी त्याचा पाया भक्कम असतो. यांपैकी कोणती मान्यता आहे ते तोंडी न ऐकता अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक मागावा आणि राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत किंवा मंडळाच्या यादीत स्वतः पाहावा. या पात्रतांची कागदपत्रे फुकट वाचता येतात. त्यांत वर्गातले तास, प्रात्यक्षिकाचे तास आणि कामाच्या जागेवरचे तास वेगवेगळे दिलेले असतात. संस्थेच्या वेळापत्रकाशी ते ताडून पाहिले की शेवटचा आकडा कुठे आणि किती कमी झाला ते लगेच दिसते.

अभ्यासक्रमात काय शिकवतात हेही याच नजरेने पाहावे. वैद्यकीय शब्द, संगणक, एक्सेल, मराठी आणि इंग्रजी टंकलेखन, फोनवर बोलणे हे सर्वत्र असते आणि हवेच. पण सोलापुरात काम करायचे असेल तर जन आरोग्य योजना, खासगी विम्याची कॅशलेस प्रक्रिया, कामगार विमा, ‘एफ’ फॉर्म, पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणे, जन्म-मृत्यू नोंदणी आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता यांना किती तास आहेत ते बघावे. महाजालावर मिळणारे ‘मेडिकल ऑफिस असिस्टंट’चे बरेच अभ्यासक्रम अमेरिकेसाठी रचलेले असतात. तिथले बिलाचे कोड, तिथला विमा आणि रुग्णाच्या माहितीविषयीचा तिथला १९९६ चा कायदा त्यांत शिकवतात. अमेरिकी रुग्णालयांची बिले तपासणाऱ्या पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत कोडर व्हायचे असेल तर हे ज्ञान उपयोगाचे आहे, आणि तो एक वेगळा, पूर्ण प्रामाणिक व्यवसाय आहे. मात्र त्या कामात रुग्ण समोर येत नाही, शरीररचनेचे चांगले ज्ञान लागते आणि बहुधा शहर सोडावे लागते. ‘कोडिंग शिका आणि सोलापुरातल्या कोणत्याही हॉस्पिटलात लागा’ असे सांगणारा दोन वेगळी कामे एकाच पाकिटात विकतो आहे. याच्या उलटचा प्रकार म्हणजे कार्यालयीन अभ्यासक्रमात ‘इंजेक्शन देणे, सलाईन लावणे’ शिकवण्याची जाहिरात. परिचर्या परिषदेच्या नोंदणीशिवाय परिचारिकेचे काम करायला लावणारी नोकरी ही बढती नव्हे. काही बिघडले तर डॉक्टरबरोबर त्या सहायकालाही जाब द्यावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सगळे ठीक, पण सर्टिफिकेटाशिवाय मुलाखतीला तरी बोलावतात का? मोठी रुग्णालये अर्ज चाळताना कागद बघतात, हे खरे आहे. म्हणून मान्यता असलेल्या आणि नसलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष काम सारखेच असेल, तर मान्यतेचाच घ्यावा. पण मान्यतेचा अर्थ किती ताणायचा यालाही मर्यादा आहे. शासकीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक व्हायचे तर पदवी, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दगतीचे शासकीय टंकलेखन प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटीसारखी संगणक अर्हता लागते. तिथे खासगी संस्थेचा हॉस्पिटल डिप्लोमा चालत नाही. खासगी नर्सिंग होममध्ये डॉक्टर उमेदवाराला आठ-पंधरा दिवस बसवून बघतो आणि मगच ठरवतो. म्हणजे सरकारी दारात या सर्टिफिकेटाला किंमत नाही आणि खासगी दारात ते फार तर आत घेते. आत गेल्यावर टिकवून धरणारी गोष्ट एकच, हातचे काम. त्यामुळे सर्टिफिकेटाच्या नावासाठी दुप्पट फी मोजण्यापेक्षा टंकलेखनाची शासकीय परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचे तास यांवर तोच पैसा खर्च करणे शहाणपणाचे आहे.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे: हातचे कामच महत्त्वाचे असेल तर अभ्यासक्रम घ्यायचाच कशाला? ओळखीच्या डॉक्टरांकडे लागावे आणि शिकावे. कैक वर्षे असेच चालत आले आहे आणि त्यातून फार जाणती माणसे तयार झाली आहेत. पण या वाटेची खोटही उघड आहे. एका दवाखान्यात शिकलेला माणूस त्या दवाखान्याच्या सवयी शिकतो, चुकीच्यासुद्धा. तारखेचा रकाना नंतर भरायची पद्धत तिथे असेल तर तो तीच बरोबर समजतो. फायलीतली खाडाखोड कशी करावी, जुनी नोंद वाचता येईल अशी एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख का घालावी, कुणाला माहिती सांगावी आणि कुणाला सांगू नये, याची कारणे कळली की माणूस दुसऱ्या जागीही उभा राहतो. शेजाऱ्याने सहज विचारले म्हणून एखादीचा अहवाल सांगून टाकणाऱ्या सहायकाला आपण एक घर मोडू शकतो याची जाणीव कुणी करून द्यायला हवी. कारणे समजावणारा वर्ग आणि कामाची सवय लावणारे टेबल दोन्ही लागतात. शक्य असेल तिथे हे दोन्ही पगारासकट मिळवावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनावर काम शिकता येते. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिन्याला ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. अशा जागा रुग्णालयांत किती निघतात ते त्या त्या वेळी पाहावे लागेल. पण हजारो रुपये भरून ‘इंटर्नशिप’ विकत घेण्याआधी, तेच काम विद्यावेतन घेऊन शिकता येते का, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारून पाहावे.

तिसरा आक्षेप संगणकाचा आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू आहे. त्यातल्या ‘आभा’ या १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांकावर रुग्णाच्या नोंदी जोडता येतात आणि क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचा नंबर घेता येतो. मग केसपेपर लिहिणारा माणूस उद्या राहील का? निव्वळ नाव-पत्ता उतरवून घेण्याचे काम कमी होत जाईल, यात शंका नाही. म्हणूनच टायपिंगपुरता मर्यादित असलेला अभ्यासक्रम आज घेण्यात अर्थ नाही. पण डिजिटल व्यवस्थेत चूक जास्त दूर जाते. कागदावरची चुकीची नोंद एका फायलीत पडून राहायची. आभा क्रमांक चुकीच्या माणसाला जोडला गेला तर एकाची रक्तगटाची किंवा अॅलर्जीची माहिती दुसऱ्याच्या नावावर सगळीकडे दिसू लागेल. बार्शीच्या नोंदणीला खेड्यात भेडसावणारा ‘ही तीच का?’ हा प्रश्न पडद्यावरही तसाच उभा आहे. शिवाय फोन हाताळता न येणारी, फक्त तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, घाबरलेली माणसे उद्याही येणार. त्यांच्याशी बोलून, विचारून, पडताळून नोंद करणारा सहायक यंत्रामुळे जास्तच लागेल. सोलापुरातल्या मुलामुलींना घरातूनच मिळालेली दुसरी-तिसरी भाषा हे या कामातले भांडवल आहे, आणि चांगल्या प्रशिक्षणाने ते वापरायला शिकवले पाहिजे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पगार थोडा, वाढ थोडी, मग नर्सिंग किंवा लॅबचा कोर्स का करू नये? ज्याची तयारी, गुण आणि ऐपत आहे त्याने ते जरूर करावेत; नोंदणीकृत व्यवसायाला मागणी आणि संरक्षण दोन्ही जास्त असते. कार्यालयीन कामाची बाजू अशी की प्रवेश सोपा, मुदत कमी, रात्रपाळ्या तुलनेने थोड्या आणि पदवीचे शिक्षण बाहेरून चालू ठेवता येते. पण पुढची पायरी ठाऊक नसेल तर माणूस त्याच काउंटरवर पंधरा वर्षे काढतो. पायऱ्या आहेत. केंद्र सरकारचा आरोग्य माहिती विभाग दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन आणि मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर यांचे प्रशिक्षण चालवत आला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वैद्यकीय अभिलेखांचे रीतसर शिक्षण मिळते. विमा विभाग, रुग्णालयांची गुणवत्ता-मानांकने, संशोधनातली माहिती-व्यवस्था या वाटाही इथूनच फुटतात. या सगळ्या वाटांवर विचारले जाते ते नोंदीचे ज्ञान. हसून स्वागत करायला शिकवणारा आणि तिथेच थांबणारा अभ्यासक्रम यांतल्या एकाही पायरीला हात लावू देत नाही.

उरला पैशाचा व्यवहार. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ हे शब्द लेखी मागावेत: पगार किती, कुठे, किती दिवसांत, आणि नाही लागली तर फी परत कशी. देणारा अडखळला तर उत्तर मिळाले असे समजावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, पण पावतीशिवाय नाही. फी हप्त्यांनी भरावी आणि मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नयेत. मात्र एवढी सगळी सावधगिरी फक्त बारावी झालेल्या मुलीकडून मागणे अर्धवट ठरेल. या बाजाराला वळण देण्याची खरी ताकद नोकरी देणाऱ्यांच्या हातात आहे. सोलापुरातली सहकारी आणि खासगी रुग्णालये उमेदवाराचे सर्टिफिकेट बघून थांबली, तर संस्था सर्टिफिकेटेच छापतील. त्यांनी अर्ध्या तासाची परीक्षा ठेवली, म्हणजे एक भरतीचा केसपेपर, एक ‘एफ’ फॉर्म, योजनेची एक अपुरी फाईल समोर ठेवून ‘यात काय कमी आहे ते सांगा’ असे विचारले, तर वर्षभरात शहरातल्या संस्था तेच शिकवू लागतील. आणि ही परीक्षा रुग्णालये घेईपर्यंत विद्यार्थ्याने तीच परीक्षा संस्थेची घ्यावी. फी भरण्याआधी शिकवणाऱ्यासमोर तशीच एक अपुरी फाईल ठेवून विचारावे: यात काय कमी आहे आणि ते भरायला तुम्ही मला कुठे बसवून शिकवणार?